हौसा, त्या शून्याबद्दल

हौसा,

तू गेल्याचं मुक्ताला फोनवर मीच सांगितलं. तिकडे ती ऑफिसला निघाली होती. रडायला लागली ती थांबेना. मी फोन कानाला लावून उभी होते. तेव्हा माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो तुला सांगते, कारण आता तू उलटून बोलणार नाहीस. मला वाटलं, माझ्यासाठी ही पोर एवढं रडेल का?

तू बाहेरच्या खोलीत होतीस. बायका जमल्या होत्या. तुझी थोरली जाऊ म्हणून मी पुढे बसायला हवं होतं आणि मी स्वयंपाकघरात फोन धरून तुझा हेवा करत होते.

अनयला मी आदल्या रात्रीच कळवलं होतं, की तुझं काही खरं दिसत नाही. त्याचा निरोप सकाळी आला. 'आजी, हौसाआजीचे व्हॉइस मेसेज तुमच्या फोनवर असतील तर जपून ठेवा. सगळे मला पाठवा.' पाठवले. बेचाळीस निघाले. तू घरच्या ग्रुपवर कसलेकसले निरोप पाठवायचीस. आज मांजर व्यालं, धरणाचं पाणी उतरलं, तुमच्या आजीनं चष्मा पुन्हा फ्रिजवर ठिवला. माझा आवाज जपून ठेवायला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी टाइप करते. विरामचिन्हांसकट.

हे तुला लिहितेय, पण वाचणार ती दोघं आहेत. तुला ते चाललं असतं. आपण दोघी एकाच ताटातलं वाटून खावं तशी ही नातवंडं वाटून घेतली, फक्त वाटणी मला कधी पसंत पडली नाही.

तुला आठवतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुण्याहून यायची. मी वेळापत्रक करून भिंतीला लावायची. दहा ते अकरा इंग्रजी शब्द, अकरा ते साडेअकरा वाचन. अकरा वाजले की दोघं पायात चपला घालून दारात. मी विचारायची, "वाचन?" मुक्ता म्हणायची, "हौसाआजी शेडवर थांबलीय." आपल्या दोघींना 'तुम्ही' म्हणायचं हे त्यांना मीच शिकवलं होतं. मोठ्यांना मान द्यावा. त्यांनी मला मान दिला आणि तुला 'तू' म्हटलं. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून काढून, मला एवढा अंदाज यायला हवा होता.

एकदा तू त्यांना नारायणगावच्या बाजारात घेऊन गेलीस, न विचारता. जीपच्या टपावर टोमॅटोनं भरलेली कॅरेट, आत तुम्ही तिघं. परत आलात तेव्हा अनयच्या शर्टावर टोमॅटोचा रस होता आणि मी म्हटलं, "माझी नातवंडं आहेत ही. मला विचारून न्यायची." 'माझी' या शब्दावर मी जोर दिला होता. तुला मूल नाही, हे साऱ्या निमगावला माहीत होतं, मला तर घरातच. तू शर्ट काढून घेतलास, मोरीत भिजवलास, आणि म्हणालीस, "व्हय बाई, तुमचीच हायती. डाग बी तुमचाच समजा." पोरं हसली. मी हसले नाही. त्या शब्दाबद्दल मी तुझी माफी मागायची राहिली. ही पहिली. दुसरी मोठी आहे. तिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मुक्तानं ते काम काढलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता माझी पाळी आली.

तुला आणि मुक्ताला हे काम ठाऊक आहे, पण अनय या कामात नव्हता म्हणून सुरुवातीपासून सांगते. गावोगावचा टोमॅटो येतो त्या ज्या शेडवर तू तीस वर्षं होतीस, आधी प्रतवारीला आणि मग नोंदीला, त्या शेडच्या सगळ्या जुन्या नोंदी मुक्ताच्या कंपनीनं एका ठिकाणी आणल्या. कोणाचा माल, कोणत्या गावचा, कोणत्या तारखेला, किती वजन, कोणती प्रत. याला ते लोक डेटा वेअरहाऊस म्हणतात, म्हणजे माहितीचं गोदाम. त्या गोदामात आता माणूस जाऊन बघत नाही. एआय एजंट जातात. आपण साध्या भाषेत प्रश्न विचारायचा आणि त्या प्रोग्रामनं स्वतः नोंदी चाळून उत्तर आणायचं. अडचण अशी, की एजंटला रकान्याचं नाव दिसतं, त्याचा अर्थ दिसत नाही. म्हणून मुक्ताच्या टीमनं एक साधन तयार केलं. एजंटनं आधी त्याला विचारायचं, की या रकान्यात काय असतं, कोण भरतं, कधी भरतं, कुठे फसायला होतं. मग आत जायचं. साधन तयार होतं, त्यात घालायला मजकूर नव्हता.

"आजी, तुमचं इंग्लिश नीट आहे. हौसाआजीला सगळं माहितीय. तुम्ही दोघी मिळून लिहाल का?" रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मुक्ता म्हणाली.

तू मटार सोलत होतीस. "एजंट म्हंजी कसला, विम्याचा का मालाचा?"

"मशीन आहे गं. माणूस नाही."

"मग बरंय. च्या मागणार न्हाई." आणि एक दाणा तोंडात टाकून म्हणालीस, "म्हंजी ते गोदाम म्हंजी आपली शेड. आन तुमचं हे जे हाय, ती कॅरेटवरची चिठ्ठी. चिठ्ठी न्हाई वाचली तर कोणाचं कॅरेट कुटं जाईल, कळायचं न्हाई."

पलीकडे मुक्ता टाळ्या पिटायला लागली. मी त्या साधनासाठी चांगलं नाव काढून ठेवलं होतं, 'लेक्सिकॉन'. वहीत लिहूनही ठेवलं होतं. पुढच्या रविवारी कळलं, की टीममधल्या सगळ्यांनी, त्यात मराठी न येणारे जास्त, त्याचं नाव 'चिठ्ठी' ठेवलंय.

काम मी पद्धतशीर सुरू केलं. वहीला समास आखले. प्रत्येक रकान्याला एक पान. तू सांगायचीस, मी ऐकून नीट इंग्रजीत बसवायची आणि मग टॅब्लेटवर उतरवायची. पहिला महिना मला फार सुखाचा गेला, हे कबूल करते. तू बोलायचीस आणि लेखणी माझ्या हातात होती.

मग मुक्तानं चाचणी घेतली. तिनं एजंटला दोनदा तेच प्रश्न विचारले, एकदा माझी वर्णनं देऊन, एकदा तू तिला परस्पर पाठवायचीस त्या व्हॉइस मेसेजचं जसंच्या तसं भाषांतर देऊन. आणि संकोचत मला म्हणाली, "आजी, रागावू नका हं. तुमच्या वर्णनांवर तो जास्त चुकतोय."

"माझ्या इंग्रजीत चूक आहे का?"

"एकही नाही. पण तुम्ही ती वस्तू काय आहे ते सांगता. हौसाआजी सांगते, की माणूस कुठे फसेल."

प्रतीच्या रकान्याला मी लिहिलं होतं, 'प्रतवारीच्या वेळी ठरवलेला मालाचा दर्जा.' निर्दोष वाक्य. तू सांगितलं होतंस, "दोन नंबर म्हंजी वाईट माल न्हाई. लांबच्या गाडीला न टिकणारा. पावसात दोन नंबरच लई येतो, तवा घाबरू नका, शेतकऱ्याला बी बोल लावू नका." गावाच्या रकान्याला मी लिहिलं, 'उत्पादकाचं गाव.' तू म्हणालीस, "माणूस सांगंल ते गाव. येडगावच्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यातली काही घरं अजून जुन्याच वस्तीचं नाव सांगत्यात. नकाशावर हुडकू नका, घावायचं न्हाई."

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की व्याख्या नेमकी हवी. आणि आता एका मशीननं, ज्याला माझ्या घरात कोण थोरली कोण धाकटी हे माहीत नाही, तुझ्या बाजूनं निकाल दिला. तू सातवी पास. मला त्या यंत्राचा राग आला नाही, हौसा. तुझाच आला.

त्यानंतर मुक्ता तुला थेट फोन करायला लागली. रविवारचा माझा कॉल राहिला, पण मधल्या वारीसुद्धा तुझा फोन वाजायचा. तू ओट्यावर बसून मोठमोठ्यानं बोलायचीस आणि मी आत धुतलेली भांडी पुन्हा पुसायची. एका बुधवारी तू आत येऊन म्हणालीस, "मुक्ती म्हनती, हौसाआजी, तूच खरी लेखक हायेस. ऐका की, बाई! मी, लेखक!" तुला हसू आवरत नव्हतं. तुझ्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. शुक्रवारी आपण वजनाच्या रकान्याला बसलो.

आता नीट सांगते, कारण हीच ती गोष्ट.

नोंदींत दर हंगामाच्या सुरुवातीला अशा ओळी होत्या, की नाव आहे, गाव आहे, तारीख आहे, आणि वजन शून्य. शेकड्यानं होत्या. मी विचारलं, "हे काय?"

तू म्हणालीस, "ते पयल्या तोड्याचं पयलं कॅरेट. ते काट्यावर घालायचं न्हाई."

"का?"

"न्हाई घालत. हंगामातलं पयलं कॅरेट शेडवरच्या बायांचं. सगळ्यांनी वाटून घ्यायचं, खायचं, त्या माणसाचा माल चांगला निघू दे म्हनायचं. पर नाव तर लिवाया पायजे, त्याचा हंगाम त्या दिवशी सुरू झाला ना. म्हनून नाव लिवायचं आन वजनात शून्य, त्या दिवशीचा बाकी माल दुसऱ्या तोड्याच्या ओळीत चढतो. बाई, ते शून्य चुकीचं न्हाई बरं का. नीट लिवा."

मी ऐकलं. अगदी नीट ऐकलं. मग म्हटलं, "हौसा, शून्य वजनाचं कॅरेट नसतं. रजिस्टर म्हणजे काही हळदीकुंकू नाही."

तू म्हणालीस, "तुमी लिवा, बाई. तुमाला कसं लिवायचं ते कळतं."

आणि मी लिहिलं, 'शून्य वजन: नोंदीतली चूक. दुर्लक्ष करावं.' दोन वाक्यं, समासात सरळ. मला तेव्हा तुझं म्हणणं खरंच बिनमहत्त्वाचं वाटलं, असं मी नंतर कितीदा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला ते खरं वाटलं होतं. मला फक्त असं एक पान हवं होतं, ज्यावर तू नाहीस.

एजंटला शंका येत नाही. वर्गातल्या मुलानं हात वर करून विचारलं असतं, बाई, एवढी शेकड्यानं चूक कशी होईल? एजंट चिठ्ठीत लिहिलेलं खरं मानतो. शेडच्या लोकांनी त्याला विचारलं, या हंगामात कोणाचा माल कधीपासून यायला लागेल, म्हणजे प्रतवारीला बायका आणि गाड्या आधी सांगून ठेवता येतील. त्यानं चिठ्ठी वाचली, शून्याच्या ओळी बाजूला टाकल्या आणि जुन्या हंगामांची सुरुवात दुसऱ्या तोड्यापासून धरली. प्रत्येक शेतकऱ्याचा हंगाम चार-पाच दिवस उशिरा.

माल आला तेव्हा शेडवर नेहमीच्या सहा बायका. बाहेर रस्त्यापर्यंत पिकअप. कॅरेटवर कॅरेट उन्हात. तू घरी होतीस, तुझे गुडघे तेव्हा धरले होते, तरी नजमाचा फोन आला तशी निघालीस. नजमा म्हणजे जुन्नरची, तुझ्यानंतर नोंदीला बसणारी, तूच तयार केलेली. संध्याकाळी आलीस तेव्हा तुझे हात लाल होते, पदर लाल होता. "लई माल नासला, बाई," एवढंच म्हणालीस. शेडचे लोक मुक्तावर भडकले होते. तुमचं मशीन उचला आणि न्या, असं म्हणाले. मुक्ताच्या हाती सोपवलेलं ते पहिलंच काम होतं.

तिनं फोन केला. तुला. मी शेजारी बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"हौसाआजी, शून्य वजनाच्या ओळी म्हणजे काय?"

तू सगळं सांगितलंस. काटा, बायका, वाटून खाणं. जसं मला सांगितलं होतंस तसंच, त्याच क्रमानं.

"मग हे आधी का नाही सांगितलंस गं?"

हौसा, तू माझ्याकडे पाहिलंस.  माझी वही माझ्या मांडीवर होती. मी बोलले असते, आणखी एक क्षण दिला असतास तर कदाचित बोलले असते. तू दिला नाहीस. फोनकडे तोंड करून म्हणालीस, "ऱ्हायलं असंल, बाय. डोस्कं म्हातारं झालं आता."

मग तू चहा ठेवायला उठलीस आणि आपण त्यावर कधीही बोललो नाही.

मुक्तानं चिठ्ठीतलं ते वर्णन त्याच दिवशी सुधारलं. पण त्या साधनात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. काय बदललं, कोणी बदललं, का बदललं. कारणाच्या चौकटीत तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या हे सांगायचं लक्षात राहिलं नव्हतं.' ते वाक्य तिथे आहे. टीममधलं कोणीही उघडून वाचू शकतं. मी कितीदा वाचलंय.

लक्षात राहिलं नव्हतं. तुझ्या! अख्ख्या तालुक्यातल्या कोणाच्या मळ्यात कोणतं वाण आहे, हे जी चालता चालता सांगायची, तिच्या!

आणि मग ते बदाम आले. मुक्तानं पुण्याच्या कोणाबरोबर तरी मोठा डबा पाठवला. वर चिकटवलेला कागद, 'हौसाआजीच्या मेमरीसाठी. रोज भिजवून.' खरं सांगू? कशामुळे ते बदाम आले हे ठाऊक असूनही माझ्या मनात आलं, की माझ्यासाठी काहीच नाही. मी केलेल्या पापाचे बदामसुद्धा तुलाच मिळाले आणि त्याचाही मला हेवा वाटला. याहून खाली माणूस जाऊ शकत नाही.

तू रोज रात्री चार भिजत घालायचीस. सकाळी साल काढून दोन स्वतः खायचीस आणि दोन बशीत घालून माझ्यापुढे सरकवायचीस. "घ्या, बाई. तुमाला बी लागतील."

यापलीकडे तू मला काही बोलली नाहीस. रोज सकाळी, हसत. मी ते खाल्ले. कधी मला वाटायचं तू टोमणा मारतेस, कधी वाटायचं नुसती वाटून खातेस. विचारायचं धैर्य झालं नाही. तुला बरं नाहीसं झालं तेव्हाही मी ठरवलं होतं, की दवाखान्यातून आलीस की सांगू. मुक्ताला तुझ्यासमोर सांगू. वहीत रविवार नेमला होता. तू शनिवारी गेलीस. वेळापत्रक तू कधी पाळलंच नाहीस.

माझा राग अजून गेलेला नाही, हे तुला कळायला हवं. तू मला वाचवलंस, पण वाचवताना विचारलं नाहीस. मी चुकले असते, मुक्ता माझ्यावर चिडली असती, मी माफी मागितली असती आणि आम्ही दोघी एकमेकींच्या थोड्या जवळ आलो असतो. तू ते सगळं एका वाक्यात आपल्या अंगावर घेतलंस आणि पुन्हा मोठी झालीस. तेवढी एक जागा माझी होती, हौसा. चुकीची का असेना.

बुधवारी तुझा मळा तोडणीला आला. तू आजारी पडण्याआधी लावलेला, रोपांना तारकाठीचा आधार करून घेतलेला. मी रोपांना हातसुद्धा लावला नव्हता. बायका पहिल्या तोड्याला आल्या आणि पहिलं कॅरेट भरून मला विचारायला लागल्या, हे कुठे ठेवायचं. मी म्हटलं, मी घेऊन जाते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. बाई, आणि शेडवर!

जीपवाल्यानं कॅरेट मागे ठेवलं. मी ते उतरेपर्यंत हातानं धरून बसले होते.

नजमा रजिस्टरवर होती, म्हणजे आता कॉम्प्युटरवर. मला पाहून उठली. "बाई, तुमी कशाला आलात? फोन करायचा, मी गाडी पाठवली असती."

"पहिलं कॅरेट आहे," मी म्हटलं.

"नाव?"

"हौसाबाईंचं लाव."

"काकी तर..."

"लावलंय तिनं. नाव तिचं."

तिनं लिहिलं. मग सवयीनं काट्याकडे हात केला आणि लगेच मागे घेतला. मी म्हटलं, "वजन शून्य." नजमा म्हणाली, "काकी बसायच्या ना इथं, त्या बी अशाच म्हनायच्या, मान जरा वाकडी करून." आणि मला शेडमध्ये, त्या सगळ्या बायकांसमोर, पुन्हा तुझा हेवा वाटला. तुझं शून्यसुद्धा लोकांना लक्षात राहतं.

बायकांनी कॅरेट वाटून घेतलं. एकीनं टोमॅटो पदराला पुसून माझ्या हातात दिला. मी उभ्यानं खाल्ला. रस साडीवर सांडला. कोणी म्हणालं, "हौसाकाकीचा माल चांगला निगू दे." मीही म्हटलं, तोंडातल्या तोंडात. मला ते म्हणायची सवय नाही.

घरी येऊन टॅब्लेट उघडला. चिठ्ठीत वजनाच्या रकान्याशी गेले. मला तिथे लिहायची परवानगी आहे, मुक्तानं सुरुवातीलाच दिली होती. मुक्तानं सुधारलेलं वर्णन चांगलं होतं, पण ते माझ्यासारखं होतं. ते काढून तुझं घातलं. इंग्रजी शक्य तितकं साधं ठेवलं, तू बोललीस तसं. 'हे शून्य चुकीचं नाही. हे हंगामाचं पहिलं कॅरेट. ते काट्यावर घालत नाहीत, शेडवरच्या बायका वाटून खातात. ज्या दिवशी हे शून्य दिसेल, त्या दिवशी त्या माणसाचा हंगाम सुरू झाला असं समजा.' माहिती कोणाची, या चौकटीत तुझं पूर्ण नाव घातलं.

मग कारणाची चौकट आली. बदल का केला. पस्तीस वर्षं मी मुलांकडून कारणं लिहून घेतली. उशीर का झाला, गृहपाठ का नाही. ही चौकट भरायला मला दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ लागली. शेवटी असं लिहिलं. 'माहिती देणाऱ्या व्यक्तीनं हे पहिल्याच वेळी सांगितलं होतं, दोन दिवसांनी पुन्हा, आणि नीट लिहा असंही म्हणाली होती. लिहिणारीनं मुद्दाम वगळलं. लिहिणारीला तिचा हेवा वाटत होता.' खाली माझं नाव. मग बटण दाबलं.

मुक्ता, आता तुला त्याचा अर्थ कळला असेल. अनय, तूही ते निरोप पुन्हा ऐक. त्यातल्या एकात ती शून्याबद्दल सांगते. तो निरोप तिनं मला एकटीला पाठवला होता, त्या शुक्रवारनंतर दोनच दिवसांनी, मी पुन्हा लिहीन या आशेनं. मी तो ऐकून ठेवून दिला होता. ती विसरली नव्हती. ती कधीच काही विसरली नाही. तुम्ही तिच्यासाठी एवढं रडलात ते बरोबरच होतं. मला तेवढं नको. थोडं चालेल.

ते बटण दाबून दोन दिवस झाले. मुक्ताचा फोन अजून आलेला नाही. रविवार उद्या आहे.

तुझ्या डब्यात बदाम उरलेत, हौसा. काल मी सवयीनं चार भिजत घातले. सकाळी दोन खाल्ले, दोन बशीत काढून तुझ्या बाजूला सरकवले, आणि थोड्या वेळानं तेही खाल्ले. मला लागतील, असं तूच म्हणाली होतीस.